मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात फुलपाखरांच्या अळ्या कुठे आणि कशा बघायच्या?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये वेताळ टेकडीवर दोन रविवार फिरूनही एक अळी दिसली नाही, आणि इकडे घरच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर मात्र पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी पानाला चिकटलंय. ती फुलपाखराची अळी आहे का, डब्यात ठेवून वाढवावी का, आणि या दिवसांत आणखी कुठे बघायचं, हे तुमचे प्रश्न. पहिल्याचं उत्तर बहुतेक करून हो. दुसऱ्याचं नाही, डब्यात ठेवू नका. तिसऱ्याला जरा जास्त जागा लागेल.

टेकडीवर काही न दिसण्यात तुमची चूक नाही. आपल्याकडच्या बहुतेक फुलपाखरांची वीण पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोनेक महिन्यांत जोरात असते. टाकळ्यासारख्या ज्या रोपांवर त्या अळ्या वाढतात ती रोपं फेब्रुवारीपर्यंत वाळून बी टाकून मोकळी झालेली असतात. मार्चमध्ये टेकडीवर राहतं ते वाळलेलं गवत, मध्येमध्ये वणव्याचे काळे पट्टे, आणि लागवडीतलं गिरिपुष्प. ते गुलाबी फुलांनी छान दिसतं, पण बाहेरदेशीचं झाड आहे, आपल्या अळ्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. वसंत म्हणजे अळ्यांचा ऋतू हा हिशोब थंड देशांचा आहे. पुण्यात फाल्गुन-चैत्रात कोवळं पान दोनच ठिकाणी मिळतं: जिथे रोज पाणी घातलं जातं तिथे, आणि ज्या झाडांना नेमकी याच दिवसांत पालवी फुटते त्यांच्यावर. कोवळं पान नाही तिथे मादी सहसा अंडी घालत नाही. म्हणून आधी झाड ओळखायचं, मग त्याची पालवी गाठायची, अळी शेवटी.

टेकडीच्याच पायथ्याला, रस्त्याकडेला, बांधकामाच्या मोकळ्या प्लॉटमध्ये रुई असते. ती उन्हाळ्यातही हिरवी असते आणि तिच्यावर प्लेन टायगरची अळी जवळजवळ वर्षभर मिळते. नवशिक्याने सुरुवात इथून करावी असं माझं मत, कारण ही अळी लपत नाही. अंगावर काळे, पांढरे, पिवळे आडवे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. कॉमन क्रोच्या अळीला चार जोड्या असतात, ती कण्हेरीवर आणि वड-पिंपळ-उंबराच्या पालवीवर बघा. रुईचं पान उलटून बघितलंत तर छोट्या अळीने पानाच्या पाठीवर कुरतडलेला गोल चर दिसेल. पानातला चीक त्या कडेला वाहून जातो आणि मग ती आतला तुकडा खाते. मोठी झालेली अळी थेट पानाची जाड शीर चावून ठेवते; तसं पान अर्ध्यातून लुळं पडलेलं दिसतं, ते लांबूनही ओळखता येतं. एक काळजी: रुईचा चीक हाताला लागला तर डोळे चोळू नका. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जा, उद्यावर ढकलू नका.

घराजवळची तीन झाडं न चुकता बघावीत. कढीपत्ता-लिंबू-बेल ही एक बाजू, तिच्याकडे खाली येतोच. दुसरी पानफुटी. तिच्यावर रेड पिएरो हे छोटं काळं-पांढरं-नारिंगी फुलपाखरू अंडी घालतं आणि अळी अंड्यातून निघाली की पानाच्या आत शिरते. पुढचं बहुतेक आयुष्य ती पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मध्ये काढते. पान उजेडासमोर धरलं की पोखरलेला फिकट भाग, त्यात काळ्या लेंड्यांचा ढीग आणि पांढुरकी, ठिपकेदार अळी स्पष्ट दिसते. पान तोडू नका, कुंडीच उचलून खिडकीत न्या. पुण्यात अनेकजण हे पान ‘सडलं’ म्हणून काढून टाकतात.

तिसरं सायकस. सोसायट्यांच्या दारात दोन्ही बाजूंना असतं ते. त्याला नवीन पानांचा घोस वर्षातून एखाददोन वेळाच येतो, आणि पानं कडक होईपर्यंत जेमतेम काही आठवडे हातात असतात. पात्यांची टोकं गोल वळलेली असतात तेव्हाच बघायचं. प्लेन्स क्युपिड नावाचं निळसर छोटं फुलपाखरू त्या पात्यांवर बारीक पांढरट, चपटी अंडी टाकतं. अळी शोधायचा सोपा मार्ग म्हणजे मुंग्या बघणं. पात्यावर एकाच जागी मुंग्या घोटाळत असतील तर भिंग लावा: त्यांच्या पायांखाली एक चपटी, हिरवी किंवा लालसर अळी असेल. मुंगी मिशांनी तिच्या पाठीच्या मागच्या भागावर थापटते, तिथल्या ग्रंथीतून गोड थेंब येतो, मुंगी तो पिते. पाच मिनिटं स्थिर उभं राहिलात तर हे अनेकदा बघायला मिळतं. मुंग्यांचा पहारा असल्याने गांधीलमाश्या आणि इतर शत्रू जरा लांब राहतात. मात्र सायकसची सगळी नवी पानं या अळ्या फस्त करू शकतात, त्यामुळे सोसायटीचा माळी औषध मारायला तयारच असतो. त्याच्याशी आधी बोलून ठेवा. एक झाड त्यांना सोडलं तरी पुष्कळ.

आता रस्त्यावरची झाडं. करंज मार्च-एप्रिलमध्ये पानं झाडून पोपटी होतो आणि पुण्याच्या रस्त्यांवर करंज काही कमी नाहीत. खालच्या फांद्यांची कोवळी पानं दुमडून रेशमाने चिकटवलेली दिसली तर आत कॉमन बँडेड ऑलची अळी असण्याची शक्यता चांगली. तिचा रंग बदलता असतो, त्यावर जाऊ नका. करंजाच्याच पानांवर उभ्या, बोटांसारख्या गाठी दिसतात त्या माइट नावाच्या, कोळ्याच्या नात्यातल्या अतिसूक्ष्म जिवामुळे होतात, फुलपाखराची अंडी नव्हेत; हा गोंधळ फार होतो. सरळसोट वाढणारा अशोक, म्हणजे जाणकार ज्याला खोटा अशोक म्हणतात तो, याच काळात चकचकीत कोवळी पानं काढतो. त्यावर, शिवाय सीताफळावर आणि सोनचाफ्यावर ‘टेल्ड जे’ नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. त्याची अळी मानेमागे फुगीर आणि शेपटीकडे निमुळती असते, लहानपणी काळसर आणि शेवटी हिरवी होते. पिंपळाची तांबूस पालवी सुंदर असते पण हाताच्या उंचीवर मिळत नाही. भिंतीतून किंवा पुलाच्या कठड्यातून उगवलेलं रोपटं शोधा, तिथे डोळ्यांसमोर सगळं दिसतं.

आंब्याचं पान मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ही परीक्षा आहे. कॉमन बॅरनची अळी पानाच्या मधल्या शिरेवर शिरेच्याच दिशेने बसते. अंग पानाएवढं हिरवं, पाठीवरून एक पिवळसर रेघ, ती शिरेवर तंतोतंत बसते, आणि दोन्ही बाजूंना पिसांसारखे फाटे असलेले लांब काटे पानावर सपाट पसरलेले. समोर बघत असूनही दिसत नाही. अशा वेळी अळी शोधूच नका, मधली शीर जिथे जाड वाटते किंवा तिच्या दोन्ही बाजूंना झालर दिसते ते पान शोधा. हात लावू नका, कारण आंब्यावरच स्लग जातीच्या पतंगांच्या हिरव्या, आखूड, काटेरी अळ्याही असतात आणि त्यांचा डंख विजेचा झटका बसावा तसा लागतो.

कधी आणि कसं बघायचं? सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ नंतर. दुपारी पारा ३६-३८ अंशांवर गेला की बऱ्याच अळ्या पानाखाली किंवा खोडाच्या सावलीत जातात. सकाळी ऊन समोरून येईल असं उभं राहून झाडाकडे खालून बघा. पानावर बसलेल्या अळीची सावली पानातून आरपार दिसते. पानाच्या कडा बघा: ताजी खाल्लेली कड हिरवी आणि ओली, जुनी तपकिरी आणि कोरडी. अगदी लहान अळी पान आरपार खात नाही, नुसती एका बाजूची साल खरवडते, त्यामुळे पानावर काचेसारख्या खिडक्या दिसतात. नाकतोड्यानेही पान खाल्लेलं असतं, पण तो खाऊन निघून जातो, खाली लेंड्या साठत नाहीत.

लेंड्या हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा पुरावा आणि त्याकडे कोणी बघत नाही. संध्याकाळी कुंडीखालची फरशी झाडून ठेवा किंवा पांढरा कागद पसरा. सकाळी कागदावर काळे दाणे दिसले की त्यांच्या बरोबर वर, फूटभराच्या आत अळी असते. खसखशीएवढे दाणे असतील तर अळी लहान, मिऱ्याच्या जवळपास असतील तर शेवटच्या टप्प्यातली. रात्री ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारली तर पुष्कळ हिरव्या अळ्या गडद पानांवर उजळ दिसतात. हा प्रकाश डोळ्यात मारू नका आणि अळीवरही काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

सामान थोडंच लागतं. १० पट मोठं दाखवणारं हस्तभिंग: भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि पान हळूच भिंगाकडे आणायचं, उलट करू नका, हात हलतो. १५ सेंटीमीटरची पट्टी, वही, आणि रंगीत लोकरीचा दोरा. अळी सापडली की त्या डहाळीला वीतभर खाली दोरा बांधा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच अळी शोधण्यात अर्धा तास जातो. वहीत तारीख, झाड, अळी बसलेली असताना तिची लांबी, आणि पान कोवळं की जून, एवढं पुरे.

आता तुमचा कढीपत्ता. त्यावरची शिटेसारखी अळी बहुधा लाइम किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची असणार. (२०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉन हेही लिंबाच्याच कुळावर वाढतं, पण कुंडीत त्याची आशा जरा कमीच ठेवा.) लहानपणी दोघी तपकिरी-पांढऱ्या. लाइमची मंद रंगाची आणि छोट्या मांसल काट्यांची, मॉरमॉनची तुकतुकीत, ओली असल्यासारखी. दोन-तीन दिवसांनी खात्री पटते, पहिल्या दिवशी नाव ठरवायची घाई नको.

अंडं साधारण एक मिलिमीटरचं, गोल, फिकट पिवळं, कोवळ्या पानावर एकेकटं. उष्ण दिवसांत तीन-चार दिवसांत फुटतं. फुटायच्या आधी वरच्या टोकाला अळीचं गडद डोकं दिसतं. पूर्ण अंडंच काळं पडून तसंच राहिलं तर त्यात अतिसूक्ष्म परजीवी गांधीलमाशी वाढतेय असं समजा. बाहेर आलेली अळी आधी टरफल खाते. पुढे ती चारदा कात टाकते, म्हणजे तिचे पाच टप्पे होतात. पहिले चार शिटेच्या रूपात, पाचवा हिरवा. चौथ्यातून पाचव्यात जाताना माणसं ‘जुनी अळी गेली, दुसरीच आली’ म्हणून लिहितात. ती तीच असते.

कात टाकायच्या आधी अळी जवळजवळ एक दिवस खाणं बंद करून रेशमाच्या गादीवर गच्च बसते. भिंगातून बघितलं तर जुन्या डोक्यामागे नवीन डोक्याचा फुगवटा दिसतो. याच वेळी लोकांना वाटतं की ती आजारी आहे, आणि तिला उचलून ताज्या पानावर ठेवतात. पाय गादीत अडकलेले असतात, ओढलं की कात नीट सुटत नाही आणि अळी मरते. बसलेली अळी उचलायचीच नाही, हा एवढा नियम पाळलात तरी बरंच नुकसान टळेल. छेडल्यावर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते, तो प्रकार एकदा बघायला ठीक. फोटोसाठी परत परत टोचू नका.

पाचव्या टप्प्यात ती सुमारे चार सेंटीमीटरची होते आणि आयुष्यभराच्या खाण्यातला मोठा हिस्सा या शेवटच्या काही दिवसांत संपवते. फूटभर उंचीच्या कुंडीतल्या रोपाला दोन-तीन अळ्या खूप झाल्या. पाला संपत आला तर शेजाऱ्यांकडच्या कढीपत्त्याच्या रोपावर अळीसकट डहाळी टेकवून ठेवा, ती आपणहून चढते. बाजारातली कढीपत्त्याची जुडी घालू नका, त्यावर औषधाचा अंश असू शकतो आणि अळी तडफडून मरते. नर्सरीतून नुकतं आणलेलं रोपही काही आठवडे याच कारणाने भरवशाचं नाही. सोसायटीत डासांसाठी धूर मारणार असतील त्या दिवशी कुंडी आत घ्या.

मग एक दिवस अळी गायब होते. तिने पातळ, ओली विष्ठा टाकलेली असेल तर ती कोषासाठी जागा शोधत गेली आहे. दोन-तीन मीटरच्या परिघात कुंडीच्या काठाखाली, ग्रिलवर, भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत बघा. लाइम आणि मॉरमॉनचा कोष डोकं वर आणि कमरेला एक धागा अशा बेताने टेकलेला असतो. प्लेन टायगर आणि क्रोचा शेपटीकडून उलटा टांगलेला. लाइम-मॉरमॉनचा कोष हिरव्या डहाळीवर बहुधा हिरवा, खडबडीत लाकडावर तपकिरी. फुलपाखरू निघायला या दिवसांत साधारण आठ-दहा दिवस लागतात, आदल्या दिवशी कोषातून पंखांची नक्षी दिसू लागते आणि बहुधा पहाटे-सकाळी ते बाहेर येतं. तेव्हा ग्रिलवर लालसर थेंब पडलेले दिसतील, ते रक्त नाही. पंख वाळेपर्यंत दोन तास त्याला हात लावू नका.

ओल्या विष्ठेची खूण नसेल आणि अळी लहान असेल तर ती कुणीतरी खाल्ली आहे. शिंजीर, चष्मेवाला, नाचण यांची पिल्लं याच दिवसांत घरट्यात असतात आणि त्यांना अळ्या लागतात. सरडे आणि कागदी घरटं करणाऱ्या गांधीलमाश्या आहेतच. अळीशेजारी तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते परजीवी गांधीलमाशीचे कोष, अळीची अंडी नव्हेत. फुलपाखराच्या कोषाला बारीक गोल भोक पडलं असेल तर फुलपाखराऐवजी तीच मंडळी बाहेर गेली. अळी काळी पडून लुळी लटकत असेल तर रोग. ती डहाळी कापून टाका आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या अळीजवळ जाऊ नका.

डबा का नको, ते यावरून कळलं असेल. बंद डब्यात लेंड्यांचा ओलावा साठतो, बुरशी आणि रोग पसरतो, पान दुपारपर्यंत कोमेजतं, आणि कोष करायला खडबडीत उभी जागा मिळत नाही. अगदीच वाचवायची असेल, म्हणजे उद्या माळी छाटणी करणार आहे वगैरे, तर जाळीदार पातळ कापडाची पिशवी करून फांदीवर चढवा, दोन्ही बाजूंनी सैल दोरीने बांधा, आत फक्त एक-दोन अळ्या ठेवा आणि दर दोन दिवसांनी लेंड्या झटका. कापलेली फांदी बाटलीत ठेवत असाल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते. वरून पाणी शिंपडायची गरज नाही, तिला पानातूनच पाणी मिळतं. वनक्षेत्रातून मात्र काहीच उचलायचं नाही. काही फुलपाखरं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूचींत आहेत आणि अळीच्या अवस्थेत ती ओळखणं तज्ज्ञालाही सोपं नसतं.

केसाळ अळ्यांना हात लावू नका, विशेषतः शेवग्याच्या खोडावर घोळक्याने बसलेल्यांना. केस रुतले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून काढा, मग साबणाने धुवा. अशा केसाळ अळ्या बहुतेक पतंगांच्या असतात. लिंबाच्या पानात चंदेरी वेड्यावाकड्या रेघा काढणारी अळीही पतंगाचीच. पोटाखालचे मऊ पाय मोजा: शेपटीच्या जोडीसकट पाच जोड्या असतील तर ती फुलपाखराची किंवा पतंगाची, सहा किंवा अधिक असतील तर ती सॉफ्लाय या गांधीलमाशीच्या नात्यातल्या कीटकाची, फुलपाखराची नाहीच.

टेकडीवर परत जा, पण जुलैत. तोवर जायचंच असेल तर वाघाटी आणि तिच्या कुळातल्या झुडपांची नवी पानं बघा, पायोनियर आणि कॉमन गल तिथे मिळू शकतात. पाषाण तलावाचा काठ, विद्यापीठाचा परिसर, एम्प्रेस गार्डन इथे मार्चमध्ये टेकडीपेक्षा जास्त हिरवं असतं.

कढीपत्त्यावरच्या अळीचं नाव पक्कं करायचं असेल तर इथेच फोटो टाका, पण एक नाही, चार: वरून, बाजूने, डोक्याकडून, आणि पट्टी शेजारी ठेवून. आंब्यावर किंवा अनोळखी झाडावर सापडली तर झाडाच्या पानाचा आणि फुलाचा फोटोही हवा. पहिला फोटो हिरवी झाल्यावर काढलात तर उत्तम, मानेजवळच्या पट्ट्यावरून लाइम की मॉरमॉन ते लगेच सांगता येतं.